लोकलमधली गर्दी, लोकसंख्येचा कायदा आणि तुमच्या घरचं दुसरं मूल

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. डोंबिवलीहून रोज कामाला सीएसएमटीला येता, सकाळच्या जलद गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि मनात येतं की सरकार चीनसारखा कडक कायदा का करत नाही. ज्यांना दोनपेक्षा जास्त मुलं आहेत त्यांचं रेशन आणि योजना बंद केल्या की लोक ताळ्यावर येतील, असं तुमचं म्हणणं. त्याच वेळी बातम्यांत उलटंच ऐकता: जन्म कमी होताहेत, देश म्हातारा होणार, काही नेते तर जास्त मुलं होऊ द्या म्हणताहेत. मग खरं काय? आणि शेवटच्या दोन ओळींत घरची गोष्ट. मुलगी साडेतीन वर्षांची झाली, आईवडील दुसऱ्यासाठी मागे लागलेत, पत्नी तयार नाही, तुमचं ठरत नाही.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. नोकरीची बहुतेक वर्षं मुंबईच्या पूर्व उपनगरांत गेली, आधी प्रसूतिगृहात आणि मग वस्त्यांमधल्या आरोग्य केंद्रांवर. कुटुंबकल्याण हेच मुख्य काम. लोकसंख्येचे तक्ते तयार करणं माझं काम नव्हतं, पण त्या तक्त्यांत ज्या बायका मोजल्या जातात त्या माझ्यासमोर बसत आल्या. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

गर्दी आणि जन्म या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्यात, आणि खरी अडचण तिथेच आहे. मुंबईपुरतं तरी या दोहोंचं नातं फार सैल आहे. २००१ आणि २०११ च्या जनगणना शेजारी ठेवून पाहा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा जो मुंबई शहर जिल्हा, त्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली. उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांवर गेला, म्हणजे वाढला पण सावकाश. आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून थेट १ कोटी १० लाखांवर पोचला. ही वाढ ठाण्याच्या बायकांनी अचानक जास्त मुलं जन्माला घातल्यामुळे झालेली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, लालबाग-परळच्या चाळींतली पुढची पिढी बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याला गेली, बाहेरगावाहून येणाऱ्यालाही परवडणारी खोली तिकडेच मिळाली. नोकऱ्या मात्र फोर्टात, लोअर परळला आणि बीकेसीत राहिल्या. तुमच्या गाडीतली गर्दी घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला असल्याची गर्दी आहे. उद्यापासून महाराष्ट्रात एकही मूल जन्मलं नाही, तरी पुढची अठरा-वीस वर्षं तुमच्या डब्यात काही फरक पडणार नाही, कारण तिथे उभे राहणारे सगळे आधीच जन्मलेले आहेत. त्यासाठी गाड्या वाढवा, कामाची ठिकाणं पसरवा, शहरात भाड्याची परवडणारी घरं होऊ द्या. कुटुंबकल्याणाच्या खात्याकडे त्यावर औषध नाही.

आता जन्मांकडे येऊ. देशातला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा मोठा अहवाल आपल्या देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत तयार होतो. एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, हा त्यातला मुख्य आकडा. त्याला एकूण जननदर म्हणतात. आईबापांच्या जागी तेवढीच माणसं यायची तर तो २.१ च्या आसपास लागतो. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत देशाचा दर ३.४ होता. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत तो २.० वर आला. शहरांत १.६, खेड्यांत २.१. महाराष्ट्रात १.७. बिहार अजून ३.० वर आहे, उत्तर प्रदेश २.४ वर, पण उतरण तिकडेही चालू आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्ही कायदा मागताय ती देशाच्या बहुतेक भागात कायद्याशिवाय घडून गेली आहे.

मला हे आकडे वाचायच्या आधी कळलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला प्रसूतिगृहात चौथ्या-पाचव्या खेपेची बाई रोज दिसायची. केसपेपरवर खेपा, जिवंत मुलं आणि गेलेली मुलं असे वेगवेगळे आकडे लिहायचे असतात, आणि त्या शेवटच्या रकान्यात शून्य क्वचित यायचं. मी निवृत्त झाले तेव्हा त्याच वस्तीत तिसरी खेप आली की नर्सही विचारायच्या, "काय गं, तिसरं कसं काय?" तो रकाना रिकामा होत गेला आणि खेपा कमी होत गेल्या, याच क्रमानं. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. झालेलं मूल जगणार याची खात्री पटली की आईला जादा मूल हाताशी ठेवावं लागत नाही. त्यात मुलींची शाळा आली. पाचव्या पाहणीत शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांचा दर २.८ आहे, बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८.

मग जन्म कमी झाले तरी लोकसंख्या का वाढते आहे? हा प्रश्न रास्त आहे. एखादं घर घ्या. आजी-आजोबांना सहा मुलं झाली, सगळी जगली, सगळ्यांची लग्नं झाली. प्रत्येकानं दोनच मुलं होऊ दिली. तरी नातवंडं बारा झाली आणि औषधोपचारांमुळे आजी-आजोबाही अजून आहेत. मधल्या पिढीनं काहीच जास्त केलेलं नाही. आईबाप व्हायच्या वयाची जोडपीच जास्त होती. देशाचंही तेच चाललंय. जन्मणाऱ्यांपेक्षा जाणारे कमी, कारण म्हाताऱ्यांची पिढी लहान आहे आणि तरुणांची मोठी. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार ही वाढ २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास थांबेल आणि मग उतरेल. या वाढीला आज जन्मणाऱ्या मुलांवर बंदी हा उपाय नाही. थोडाफार फरक पडेल तो पहिलं मूल उशिरा आलं आणि दोन मुलांत अंतर राहिलं तर. म्हणून मला तिसऱ्या मुलापेक्षा सतरा-अठराव्या वर्षी होणाऱ्या पहिल्या मुलाची काळजी जास्त वाटते. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हे पाचव्या पाहणीत आलंय. त्याविरुद्ध कायदा आहे, तो नीट राबवा असं तुम्ही म्हणालात तर मी तुमच्या बरोबर आहे.

चीनचं उदाहरण तुम्ही दिलंत, तर ते पूर्ण पाहू. एक मूल धोरण १९८० ला आलं, पण चीनचा जननदर त्याच्या आधीच्या दहा वर्षांत साडेपाचच्या वरून तीनच्या खाली आलेला होता. उशिरा लग्न, मुलांत अंतर आणि गावोगावची आरोग्यसेवा यांवर तिथे भर होता; सक्ती तेव्हाही होती, पण एकच मूल असा हुकूम नव्हता. १९७९ ते १९९१ या काळात कडक कायद्याखाली चीन २.८ वरून २.० वर आला. त्याच काळात आपलं केरळ, कसलाही कायदा न करता, ३.० वरून १.८ वर आलं. मुली शाळेत गेल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं घराजवळ होती, एवढ्यावर. पुढे चीनला २०१६ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांची परवानगी द्यावी लागली, आणि २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटायला लागली. आता सरकार विनवण्या करतंय तरी जोडपी ऐकत नाहीत.

आपल्याकडेही सक्ती करून झाली आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६२ लाख पुरुषांच्या. आणीबाणीच्या चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगानं या मोहिमेत १,७७४ मृत्यूंची नोंद केली. महाराष्ट्र विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. परिणाम काय झाला? पुढच्या वर्षी देशातल्या एकूण शस्त्रक्रिया दहा लाखांच्याही खाली घसरल्या आणि पुरुष या कामातून कायमचे बाहेर पडले. मी नोकरीला लागले तेव्हा वस्तीतले म्हातारे आरोग्य सेविकेला पाहून पोरांना घरात ओढायचे. तो धसका आजही गेलेला नाही. पाचव्या पाहणीत कुटुंब नियोजनासाठी शस्त्रक्रिया केलेल्या बायका ३७.९ टक्के आहेत आणि पुरुष ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, पंधरा-वीस मिनिटांची, त्याच दिवशी घरी जाता येतं. बाईचं पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. तरी टेबलावर बाईच येते. २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्यांतल्या तेराच्या आसपास बायका गेल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. शिबिराचा आकडा गाठायच्या घाईत बाई कशी दिसेनाशी होते हे मी जवळून पाहिलंय. १९९६ पर्यंत कुठली पद्धत किती जणींना द्यायची याचं टार्गेट वरून यायचं आणि मार्च जवळ आला की नर्सची झोप उडायची.

आणि महाराष्ट्रात कायदा नाही असं नाही. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला इथे ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही. २८ मार्च २००६ नंतर तिसरं झालं तर सरकारी नोकरी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हरियाणाचा असाच नियम २००३ मध्ये वैध ठरवला, म्हणजे घटनेची अडचण नव्हती. तरी हरियाणा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, हिमाचल प्रदेश यांनी नंतर तो मागे घेतला, आंध्रनं २०२४ मध्ये. मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी पाच राज्यांत या नियमाचा अभ्यास केला होता. त्यात जे दिसलं ते माझ्या अनुभवाशी जुळतं: सरपंचपद टिकावं म्हणून बायकोला सोडलं, मूल दत्तक दिल्याचं दाखवलं, मुलीचा गर्भ पाडला. मुलगा तर हवाच आणि दोनच होऊ द्यायची, अशा घरात तिसऱ्यावरच्या बंदीचा भार मुलीवर पडतो. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या, २०११ ला ८९४ राहिल्या. त्यात मोठा हात सोनोग्राफीच्या गैरवापराचा आहे. दोनच्या सक्तीचा कायदा आणलात तर त्या धंद्याला गिऱ्हाईक आपण पुरवू.

रेशन बंद करण्याच्या कल्पनेवर मला एवढी चीड का येते, ते एका मुलीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गोवंडीच्या शिवाजीनगरातली, बावीस-तेवीस वर्षांची, मूळची बीड जिल्ह्यातली. नवरा नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करायचा. दोन मुली. धाकटीच्या डोससाठी केंद्रावर आली, टोचून झालं तरी बाकावर बसून राहिली. सेविका ताईंनी खूण केली तेव्हा मी तिला आत घेतलं. तिनं दार लागलंय का ते पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टरबाई, घरात कळणार नाही असं काय आहे का?" सासूला नातू हवा होता. ऑपरेशन विचारणंही शक्य नव्हतं. गोळ्यांचं पाकीट दहा बाय दहाच्या खोलीत कुठे लपवणार? तांबीला, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या साधनाला, ती घाबरायची, कारण जावेची तांबी सासूनं गावी नेऊन काढून आणली होती. मग तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल सांगितलं, ज्याला सरकारी केंद्रावर 'अंतरा' म्हणतात. पाळी पुढेमागे होईल, मध्येच डाग लागतील, काही महिन्यांनी येणारच नाही, आणि बंद केल्यावर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे सगळं बोलले, कारण आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या सुईला बाई येतच नाही. तिनं विचार केला आणि हात पुढे केला. कार्ड तिनं केंद्रातच ठेवायला सांगितलं. पुढच्या सुईची तारीख धाकटीच्या डोसच्या कागदावर पेन्सिलीनं एक ठिपका देऊन लक्षात ठेवायची.

ती ज्या बीड जिल्ह्यातली, तिथे २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८०७ होत्या. अशा ठिकाणाहून आलेली, घरात शब्द काढायची सोय नसलेली ही मुलगी आपल्या बुद्धीनं वाट काढत होती. समजा सुई चुकली असती आणि तिसरं राहिलं असतं. तुमच्या कायद्यानं रेशन कुणाचं बंद झालं असतं? सासूला हिशेब चुकता करायचा नाही, नवरा जेवायला बाहेर जाईल. ताटातलं कमी झालं असतं ते तिचं आणि त्या तीन पोरांचं, ज्यांनी काहीच ठरवलेलं नव्हतं. मूल नको असूनही साधन हातात नाही, अशा विवाहित बायका देशात अजून ९.४ टक्के आहेत. त्यांना दंड लावून जन्म कमी होत नाहीत. जवळ केंद्र, उघडी वेळ, पद्धतींमध्ये निवड आणि गुप्तता राखणारी सेविका मिळाली की होतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हा विषय निघाला की पुढची चर्चा धर्मावर जाते, म्हणून तेही सांगते. पहिल्या पाहणीत हिंदूंचा दर ३.३ आणि मुसलमानांचा ४.४ होता. पाचव्यात १.९ आणि २.४. दोन्हीकडे उतार आहे आणि मुसलमानांमधला जास्त वेगाचा आहे. मुस्लिमबहुल जम्मू-काश्मीरचा दर १.४, बिहारचा ३.०. शाळा, दवाखाना, लग्नाचं वय आणि उत्पन्न जिथे जसं, तिथे मुलं तशी. गोवंडीत मी दोन्ही समाजांच्या बायका पाहिल्या. "आता बास, पाळणा थांबवायचाय" हे वाक्य दोघींच्या तोंडून सारख्याच थकव्यानं येतं.

आता बातम्यांतली दुसरी बाजू, देश म्हातारा होण्याची. ती खरी आहे आणि मुंबईत ती आधी दिसायला लागली आहे. निवृत्तीनंतर मी दादरला आठवड्यातून काही दिवस रुग्ण पाहते आणि शेजारच्या जुन्या इमारतींमध्ये घरी जाऊनही तपासते. तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही, पंचाहत्तरीच्या बाई एकट्या. मुलगा पुण्याला, मुलगी न्यू जर्सीला. गुडघ्यांमुळे त्या गणपतीनंतर खाली उतरलेल्याच नव्हत्या. दूध, भाजी, औषध दोरीला पिशवी बांधून वर ओढायच्या. त्या मजल्यावरच्या चार खोल्यांत साठीच्या आतलं कुणीच नाही. देशात साठीच्या वरची माणसं २०११ ला ८.६ टक्के होती, २०३६ पर्यंत ती १५ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे साधारण २२ कोटी ७० लाख होतील असा सरकारी तज्ज्ञ गटाचा अंदाज आहे. युरोपला श्रीमंत झाल्यावर म्हातारपण आलं, आपल्याला ते आधीच गाठतंय. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आहे. त्यात एका मधुमेही माणसाच्या महिनाभराच्या गोळ्याही धड येत नाहीत. राज्यं भर घालतात, तरी लोकसंख्या धोरणाचा पैसा आणि लक्ष आता इकडे वळायला हवं: घरी येणारी नर्स, जिन्याला कठडे आणि लिफ्ट, पडून हाड मोडलेल्याला चालतं करणारं केंद्र प्रत्येक वॉर्डात.

पण म्हणून "जास्त मुलं होऊ द्या" हे उत्तर होत नाही. दक्षिण कोरियानं त्यासाठी वर्षानुवर्षं प्रचंड पैसा ओतला, आणि २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ वर आला. तिथल्या मुली म्हणतात घर परवडत नाही, नोकरी सुटते, नवरा हातभार लावत नाही. मुंबईतल्या मुली माझ्यासमोर बसून शब्दशः हेच म्हणतात. दोनवर थांबा असा हुकूम आणि तीन होऊ द्या असा हुकूम, दोन्हींमध्ये बाईला विचारायचं राहून गेलेलं असतं. दक्षिणेतल्या नेत्यांच्या बोलण्यामागे राजकीय काळजी आहे आणि ती पोकळ नाही. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती तशीच राहणार, असं घटनेत आहे. पुढची जनगणना २०२७ ला होते आहे. ज्या राज्यांनी जन्म आटोक्यात आणले त्यांचंच संसदेतलं वजन घटावं हा अन्याय होईल. मात्र त्याचा निवाडा संसदेत व्हायला हवा, तमिळनाडूच्या किंवा आंध्रच्या बाईच्या पोटी नव्हे.

यातलं परिस्थितीवर अवलंबून आहे ते कबूल करायला हवं. मी बिहारच्या एखाद्या जिल्ह्यात काम करत असते तर माझा भर वेगळा असता: मुलींची दहावी, लग्नाचं वय, तांबी आणि इंजेक्शन देऊ शकणारी नर्स उपकेंद्रात रोज हजर. २०१६ ला सुरू झालेलं मिशन परिवार विकास सात राज्यांतल्या जास्त जननदराच्या १४६ जिल्ह्यांसाठी आखलं गेलं ते याच विचारानं. गोवंडीत अजून थोडं तसंच काम लागतं. दादर-डोंबिवलीत मात्र पाळणाघर, बापाची रजा आणि म्हाताऱ्यांची सोय हेच लोकसंख्या धोरण आहे. एका देशाला एकच कायदा इथे चालत नाही. या शहराला तर हे आधी कळायला हवं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली तरी ते मागे हटले नाहीत. बाईच्या सुखाचा आणि तब्येतीचा विचार त्यात आधी होता, देशाच्या आकड्यांचा नंतर. १९५२ मध्ये सरकारनं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तसा करणारा भारत जगातला पहिला देश, आणि तिथून पुढे हा क्रम हळूहळू उलटा झाला.

आता तुमचं घर. "लोकसंख्येच्या दृष्टीनं काय योग्य" हा विचार पूर्णपणे बाजूला ठेवा. तुम्ही एक मूल ठेवलंत काय किंवा दोन, देशाचं काही बिघडत नाही. पत्नीचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, आणि माझ्या दृष्टीनं ते सगळ्यात महत्त्वाचं. पस्तिशीच्या आत असेल तर घाई नाही, आणखी वर्ष-दोन वर्षं विचार करता येईल. पस्तिशी उलटली असेल तर ठरवायला फार वेळ लावू नका, कारण नंतर हवंसं वाटलं तर दिवस राहणं अवघड होत जातं. पहिल्या वेळी सिझेरियन, वाढलेला रक्तदाब किंवा साखर असं काही होतं का, ते पाहावं लागेल. साडेतीन वर्षांचं अंतर तब्येतीला पुरेसं आहे.

आणि ती नको का म्हणते, हे आईवडिलांसमोर नको, एकटीला शांतपणे विचारा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींना मूल नको नसतं. पहिल्या वेळची रात्रीची जागरणं, सुटलेली बढती आणि आठ सहाची गाडी पकडून परत आल्यावर एकटीनं केलेला स्वयंपाक पुन्हा नको असतो. कायद्यानं तिला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते; तिच्या ऑफिसात ती खरोखर आहे का ते पाहा. तुम्ही स्वतः काय उचलणार हे तिला आधी सांगा, मग तिचं उत्तर ऐका. तरीही नाही म्हणाली तर ते नाहीच. आईवडिलांना ते तुम्ही सांगायचं, तिच्यावर सोडायचं नाही.

ठरेपर्यंत तांबी हा चांगला पर्याय आहे. पाच किंवा दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. तातडीची गोळी नेहमीचं साधन म्हणून तिला घ्यायला लावू नका. आणि एकच मूल पुरे असं दोघांचं पक्कं झालं, तर शस्त्रक्रिया तुम्ही करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. पुरुषी ताकद, कामाची क्षमता, संबंधांतलं सुख यांवर तिचा परिणाम होत नाही. कायमची पद्धत आहे, नंतर उलट करायची शस्त्रक्रिया भरवशाची नसते, म्हणून मनात शंका असेल तर थांबा. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलायचं नाही, सायकल चालवायची नाही. शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरक्षित झालात असं समजू नका; तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणीचा अहवाल स्वच्छ आला की मगच बंद करायचा.